बर्फ जमण्यापूर्वी

१९७२च्या मे महिन्यात स्वीडनचा डेव्हिस चषक कर्णधार लेनार्ट बेर्गेलिन याने न्यूझीलंडविरुद्धच्या लढतीत एकेरीसाठी एका शाळकरी मुलाला उतरवलं. मुलाचं वय पंधरा वर्षं अकरा महिने. समोर होता ऑनी पारुन. वय पंचवीस, अंगापिंडाने दणकट, आदल्या वर्षी विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठलेला. बेर्गेलिन हा काही भाबडा माणूस नव्हता. १९४८ साली यारोस्लाव्ह द्रोब्नीच्या जोडीने त्याने फ्रेंच दुहेरी जिंकली होती आणि डेव्हिस चषकात भल्याभल्यांची कशी गाळण उडते हे त्याने जवळून पाहिलं होतं. तरीही त्याने हा डाव टाकला.

लढत बोस्टाडला होती. स्वीडनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं हे छोटं गाव म्हणजे तिथल्या टेनिसची पंढरी. राजा गुस्ताव पाचवा टेनिसवेडा होता. स्पर्धांमध्ये तो ‘मिस्टर जी’ या नावाने खेळायचा आणि उन्हाळ्यात बोस्टाडला यायचा. राजा यायचा म्हणून पैसेवाले यायचे, पैसेवाले यायचे म्हणून हॉटेलं उभी राहिली. स्वीडनमध्ये टेनिस हा बराच काळ अशा वरच्या मजल्यावरच्या लोकांचा खेळ होता. त्या कोर्टावर सॉडरटेल्ये नावाच्या कारखानदारीच्या गावातला, कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाचा मुलगा उभा राहिला आणि पहिले दोन सेट ४-६, ३-६ असे हरला.

पुढचे तीन त्याने जिंकले. ६-३, ६-४, ६-४. शेवटच्या दिवशी त्याने जेफ सिम्पसनलाही हरवलं आणि स्वीडनने लढत ४-१ अशी खिशात घातली. ब्यॉर्न बोर्ग हे नाव स्वीडनमध्ये घरोघरी पोचलं ते त्या आठवड्यात.

बोर्ग म्हटलं की आपल्याला ओळीने पाच विम्बल्डन आठवतात, १९८०चा मॅकेन्रोविरुद्धचा टायब्रेकर आठवतो आणि कपाळावरच्या पट्टीखालचा तो निर्विकार चेहरा आठवतो. जगाने त्याला ‘आइसबोर्ग’ केलं. पण मला विचाराल तर हा बर्फ जमायच्या आधीची दोन-तीन वर्षं जास्त वाचनीय आहेत. तेव्हा तो जिंकत होता तसा हरतही होता. आणि त्याच सुमाराला टेनिसचा सगळा कारभार त्याच्याभोवती मोडून नव्याने बांधला जात होता.

सॉडरटेल्ये हे स्टॉकहोमच्या नैर्ऋत्येला, रेल्वेने सहज जाता येईल अशा अंतरावरचं गाव. स्कॅनियाचे ट्रक तिथे बनतात. खेळ म्हणाल तर आइस हॉकी. बोर्गही लहानपणी हॉकीच खेळायचा आणि चांगला खेळायचा. वडील रुने हे टेबल टेनिसमधले चांगले खेळाडू. एका स्पर्धेत त्यांना बक्षीस म्हणून सोनेरी रंगाची टेनिस रॅकेट मिळाली आणि ती त्यांनी नऊ वर्षांच्या मुलाला दिली. गावातल्या क्लबचा नवशिक्यांचा वर्ग भरलेला होता. मग पोराने गॅरेजच्या दारावर चेंडू मारायला सुरुवात केली. दारासमोर मनातल्या मनात स्वीडन विरुद्ध अमेरिका अशी डेव्हिस चषकाची लढत रंगायची. चेंडू ठरावीक वेळा परतवला तर गुण स्वीडनचा, चुकला तर अमेरिकेचा. दार कधी चुकत नाही, थकत नाही, वैतागत नाही. पुढे बेसलाइनवर उभं राहून तासन्‌तास चेंडू परत पाठवणाऱ्या बोर्गशी खेळताना प्रतिस्पर्ध्यांना आपण अशाच कशाशी तरी खेळतोय असं वाटायचं.

मात्र त्या वयात तो स्वतः चांगलाच वैतागायचा. रॅकेट फेकायची, शिव्या द्यायच्या, पंचाशी हुज्जत घालायची. बाराच्या आसपास वय असताना या वागण्यापायी क्लबने त्याला काही महिने बाहेर ठेवलं आणि आईने रॅकेट कपाटात बंद केली. पुन्हा कोर्टावर आला तो तोंड मिटूनच. हा प्रसंग बोर्गने स्वतः अनेकदा सांगितला आहे. ‘थंड स्वीडिश रक्त’ वगैरे लिहिणाऱ्यांनी तो वाचला नसावा. त्याचा थंडपणा जन्मजात नव्हता. खेळायला मिळणार नाही या भीतीपोटी तो शिकलेला होता, आणि आत काय चाललंय ते बाहेर दिसू न देण्याची किंमत त्याने पुढे सव्वीसाव्या वर्षीच खेळाला रामराम ठोकून मोजली असं मानायला जागा आहे.

आता त्याच्या खेळाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. रॅकेट त्या काळी लाकडाची, जड, आणि डोकं आजच्या मानाने पुरणाच्या चाळणीएवढं लहान. नऊ वर्षांच्या मुलाला ती एका हाताने पेलवेना. त्याने हॉकी स्टिक धरतात तशी दोन्ही हातांनी धरली. फोरहँडला कालांतराने एक हात सुटला, बॅकहँडला राहिला. चेंडूला तो खालून वर घासत न्यायचा, मनगटाचा झटका द्यायचा. चेंडू जाळ्यावरून हातभर उंच जायचा, आता बाहेर पडणार असं वाटायचं आणि टॉपस्पिनमुळे बेसलाइनच्या आत झपकन खाली उतरून खांद्याएवढा उसळायचा. त्या काळचं पुस्तकी टेनिस नेमकं याच्या उलट होतं. रॅकेट सरळ पुढे न्या, चेंडू जाळ्याला घासून पाठवा, बॅकहँड एका हाताने आणि शक्यतो स्लाइस, मग जाळ्याकडे धाव. ऑस्ट्रेलियन मंडळींनी पंधरा-वीस वर्षं जग जिंकलं ते असंच खेळून. दोन्ही हातांनी मारणारे त्यापूर्वीही होते. दक्षिण आफ्रिकेचा क्लिफ ड्रिसडेल होता, अमेरिकेत जिमी कॉनर्स आणि ख्रिस एव्हर्ट तयार होत होते. पण प्रशिक्षकांच्या लेखी ती लहान मुलांची सवय होती, वेळीच मोडायची.

पर्सी रोसबेर्ग याने ती मोडली नाही. स्टॉकहोमचा हा प्रशिक्षक सॉडरटेल्येला गुणी मुलं बघायला आला होता. बोर्गशी त्याने थोडा वेळ चेंडू मारून पाहिले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे पोर चेंडू चुकवतच नाही. पुढे वर्षानुवर्षं शाळा सुटली की बोर्ग गाडी पकडून स्टॉकहोमला रोसबेर्गकडे जायचा, रात्री परतायचा. पकड बदल, दुसरा हात काढ, असं सांगणारे पुष्कळ होते. रोसबेर्गने पाय, तोल, चेंडूपर्यंत लवकर पोचणं यावर मेहनत घेतली आणि फटका मुलाचा मुलाकडे राहू दिला. प्रशिक्षकाने केलेल्या गोष्टी नोंदल्या जातात, न केलेल्या जात नाहीत. म्हणून हे नाव टेनिसच्या इतिहासात असायला हवं तेवढं मोठं झालेलं नाही.

पारुनविरुद्धच्या विजयानंतर १९७२चं वर्ष झरझर गेलं. जुलैमध्ये विम्बल्डनच्या कनिष्ठ गटाचा अंतिम सामना, समोर इंग्लंडचा बस्टर मोट्रम. निर्णायक सेटमध्ये २-५ अशा पिछाडीवरून बोर्गने तो ७-५ घेतला. डिसेंबरात फ्लोरिडातल्या ऑरेंज बोल स्पर्धेत व्हिटास गेरुलायटिसला अंतिम फेरीत हरवलं. तोवर शाळा सुटली होती. शिक्षण हा जिथे राष्ट्रधर्म मानला जातो त्या स्वीडनमध्ये हा निर्णय सोपा नव्हता, पण आईवडील मुलाच्या पाठीशी राहिले. आपल्याकडच्या कित्येक घरांत आजही दहावीची परीक्षा की स्पर्धा यावर जो काथ्याकूट चालतो, तो सॉडरटेल्येच्या त्या घरातही झालाच असणार.

तो व्यावसायिक टेनिसमध्ये आला तेव्हा व्यावसायिक टेनिस स्वतःच पाच वर्षांचं होतं. १९६८पर्यंत पैसे घेऊन खेळणाऱ्यांना विम्बल्डनचं दार बंद होतं. ते उघडलं आणि पाठोपाठ भांडणं सुरू झाली. डॅलसहून व्यावसायिकांचा दौरा चालवणारी डब्ल्यूसीटीची मंडळी एकीकडे, राष्ट्रीय संघटना दुसरीकडे. १९७२मध्ये खेळाडूंनी आपली संघटना काढली, एटीपी. १९७३च्या ऑगस्टमध्ये संगणकावरची क्रमवारी सुरू झाली. त्याआधी कोण कितवा हे पत्रकार आणि आयोजक ठरवत.

या ओढाताणीचा स्फोट १९७३च्या विम्बल्डनला झाला. युगोस्लाव्हियाच्या निकोला पिलिचवर देशाकडून डेव्हिस चषक खेळायला नकार दिल्याचा ठपका ठेवून त्याच्या संघटनेने त्याला निलंबित केलं. आंतरराष्ट्रीय संघटनेने शिक्षा महिन्याभरावर आणली, पण तो महिना नेमका विम्बल्डनचा होता. खेळाडू कुठे खेळणार हे कोण ठरवणार, एवढाच प्रश्न होता आणि एटीपीच्या ८१ सदस्यांनी माघार घेऊन त्याचं उत्तर दिलं. मानांकित सोळापैकी तेरा जण गेले. इंग्लिश वर्तमानपत्रांनी खेळाडूंना लोभी ठरवलं, प्रेक्षक मात्र हट्टाने आले. या मोडक्या मांडवात सतरा वर्षांच्या बोर्गला सहावं मानांकन मिळालं. तो एटीपीचा सदस्य नव्हता.

पुढच्या दहा-बारा दिवसांत विम्बल्डनने पूर्वी न पाहिलेलं काहीतरी पाहिलं. लांब सोनेरी केसांच्या या मुलामागे शाळकरी मुलींचे थवे धावू लागले. कोर्टावरून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत जायला त्याला पोलिसांचं कडं लागायचं. पॉप गायकांच्या नशिबी येणारं हे वेड टेनिसच्या त्या सभ्य हिरवळीवर आलं आणि क्लबच्या जुन्या सभासदांची पंचाईत झाली. बोर्गचीही झाली, त्याला काय बोलावं कळत नसे आणि इंग्रजीही बेताचं होतं. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडच्या रॉजर टेलरने त्याला पाच सेटमध्ये हरवलं. टेलर स्वतः एटीपीचा सदस्य असून संघटनेचा आदेश मोडून खेळत होता. त्याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत विजय अमृतराजही होता. तो पुढे विजेता ठरलेल्या यान कोडेशकडून पाच सेटमध्ये, अगदी थोडक्यात हरला. त्या सुमाराला इंग्रजी वर्तमानपत्रांनी टेनिसची एबीसी म्हणजे अमृतराज, बोर्ग आणि कॉनर्स अशी कोटी काढली. आज ती ऐकून आपल्याला हळहळ वाटते; तेव्हा तिच्यात अतिशयोक्ती नव्हती.

१९७३चा बोर्ग म्हणजे दारापर्यंत येऊन परतणारा बोर्ग. मोंटे कार्लोच्या अंतिम फेरीत इली नस्तासेने त्याला सरळ सेटमध्ये धुतलं. पॅरिसच्या पहिल्याच फ्रेंच स्पर्धेत चौथ्या फेरीत इटलीचा आद्रियानो पानाता आडवा आला. हा पानाता पुढे १९७६मध्येही तिथे त्याला हरवणार होता. रोलाँ गारोसवर बोर्गला हरवणारा अख्ख्या कारकिर्दीत हा एकच माणूस. न्यूयॉर्कला त्याने आर्थर ॲशला घरच्या हिरवळीवर हरवून खळबळ उडवली आणि पुढच्याच सामन्यात पिलिचकडून हरला. हो, तोच पिलिच. सॅन फ्रान्सिस्कोच्या अंतिम फेरीत रॉय एमर्सन, स्टॉकहोमला घरच्या प्रेक्षकांसमोर टॉम गोर्मन, ब्युनोस आयर्सला गियेर्मो व्हिलास. वर्षात चार अंतिम सामने आणि विजेतेपद एकही नाही. वर्षअखेरीस संगणकाने त्याला अठरावं स्थान दिलं.

पहिलं विजेतेपद मिळालं ते जगाच्या दुसऱ्या टोकाला. जानेवारी १९७४, ऑकलंड, न्यूझीलंड ओपन. अंतिम सामन्यात समोर ऑनी पारुन. वीस महिन्यांपूर्वी बोर्गच्या देशवासीयांसमोर हरलेला पारुन आता आपल्या देशवासीयांसमोर हरला, तेही सरळ सेटमध्ये.

त्यानंतरचे पाच महिने वाचताना आपल्यालाच धाप लागते. डब्ल्यूसीटीच्या दौऱ्यात लंडन आणि साओ पाउलो इथे तो जिंकला. मे महिन्यात डॅलसला त्या दौऱ्याचा अंतिम सामना. जॉन न्यूकम्बने पहिला सेट गमावला आणि मग आपला अनुभव काय असतो हे चार सेटमध्ये दाखवून दिलं. तीन आठवड्यांत बोर्ग रोमला होता. इटालियन ओपनच्या अंतिम फेरीत नस्तासेविरुद्ध ६-३, ६-४, ६-२. वर्षापूर्वी मोंटे कार्लोला ज्याने त्याला खेळवलं होतं, त्याच्यावर हा विजय होता. जेतेपद घेऊन तो थेट पॅरिसला गेला आणि स्पर्धा चालू असतानाच ६ जूनला अठरा वर्षांचा झाला.

त्या वर्षीच्या पॅरिसमध्येही राजकारण होतंच. अमेरिकेत ‘वर्ल्ड टीम टेनिस’ नावाची नवी सांघिक स्पर्धा निघाली होती. तिच्याशी करार केलेल्यांना फ्रेंच संघटनेने दार बंद केलं. त्यात कॉनर्स होता. त्या वर्षी उरलेल्या तिन्ही मोठ्या स्पर्धा त्याने जिंकल्या. तेव्हा पॅरिसला तो असता तर काय झालं असतं, हा वाद टेनिसच्या पारावर अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर लाल मातीवर त्या जूनमध्ये बोर्गच जिंकला असता. पण ते मतच.

सुखासुखी मात्र काही मिळालं नाही. चौथ्या फेरीत एरिक व्हॅन डिलनने त्याला पाच सेट पळवलं, उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या राउल रामिरेझने पुन्हा पाच. उपांत्य फेरीत बोर्गइतकाच चिवट हॅरॉल्ड सॉलोमन चार सेटमध्ये सुटला. १६ जूनला अंतिम सामना, समोर स्पेनचा डावखुरा मान्युएल ओरांतेस. हाताला लोण्यासारखा हलका, मातीचा पक्का जाणकार. पहिला सेट त्याचा ६-२. दुसरा टायब्रेकरवर, तोही त्याचाच. अजून एक सेट आणि चषक ओरांतेसचा, असं गणित होतं.

इथे बोस्टाड आठवावं. दोन सेट मागे, समोर अनुभवी माणूस, आणि हा काहीच बदलत नाही. ना चेहरा, ना चाल, ना फटका. चेंडू उंच, खोल, पुन्हा उंच, पुन्हा खोल. ओरांतेसचे पाय बोलू लागले. पुढच्या तीन सेटमध्ये त्याला मिळून दोन गेम मिळाले. ६-०, ६-१, ६-१. फ्रेंच स्पर्धा जिंकणारा तोवरचा सर्वांत लहान पुरुष खेळाडू म्हणून बोर्गची नोंद झाली. आठ वर्षांनी तो विक्रम मोडला तोही एका स्वीडिश पोरानेच. सतरा वर्षांच्या मॅट्स विलँडरने १९८२मध्ये पॅरिस जिंकलं.

इथे हा लेख संपवणं सोयीचं झालं असतं, पण मग खोटं चित्र उभं राहिलं असतं. पॅरिसनंतर तीन आठवडे व्हायच्या आत विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत इजिप्तच्या इस्माईल अल शाफीने त्याला ६-२, ६-३, ६-१ असं उडवून लावलं. हिरवळीवर चेंडू उसळत नाही, सरपटतो. मोठ्या वळणाच्या फटक्याला वेळच मिळत नाही. आणि न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर, त्याच सरपटत्या हिरवळीवर, दुसऱ्याच फेरीत विजय अमृतराजने त्याला पाच सेटमध्ये हरवलं. दोन सेट पुढे गेलेल्या विजयला बोर्गने पुढचे दोन सेट घेऊन गाठलं होतं. पारुन आणि ओरांतेसचं जे झालं तेच विजयचं होणार असं कुणालाही वाटलं असतं. विजयने पाचवा सेट घेतला. भारतीय टेनिसच्या आठवणींत त्या सामन्याला मानाचं पान आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच वर्षी भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध भूमिका म्हणून खेळायला उतरला नाही.

विम्बल्डन जिंकायचं तर सर्व्हिस सुधारायला हवी हे बोर्गला आणि बेर्गेलिनला कळून चुकलं. तोवर बेर्गेलिन नुसता कर्णधार न राहता बोर्गचा सावलीसारखा सोबती झाला होता. प्रवासाची तिकिटं, मालीश, न आवडणारे फोन, सगळं तोच पाही. बोर्गच्या रॅकेटच्या तारा इतक्या ताणलेल्या असत की रात्री खोलीत ठेवल्या ठेवल्या त्या तुटायच्या. तो आवाज ऐकून बेर्गेलिनची झोपमोड व्हायची.

पैसा आला तसा मायदेशाशी खटकाही उडाला. विशी गाठण्यापूर्वीच बोर्गने मोनॅकोत बिऱ्हाड केलं, कारण स्वीडनचा आयकर. सगळ्यांनी सारखं असावं, कुणी स्वतःला फार शहाणं समजू नये, अशा वळणाच्या समाजात हे अनेकांना लागलं. पण कराचं प्रकरण एकट्या बोर्गचं नव्हतं. १९७६च्या मार्चमध्ये मुलांची लाडकी लेखिका अ‍ॅस्त्रिद लिंदग्रेन हिने आपल्यावरचा कर १०२ टक्क्यांवर गेल्याचं उपहासकथेतून जाहीर केलं आणि त्याच वर्षी चार दशकांची सोशल डेमोक्रॅट सत्ता निवडणुकीत गेली. टेनिसपटू पळाला तेव्हा तो स्वार्थी ठरला होता. आजीबाईने लिहिल्यावर सरकारचं चुकलं असं लोकांना वाटू लागलं.

मोनॅकोत राहूनही तो स्वीडनकडून खेळत राहिला. १९७५च्या सप्टेंबरात डेव्हिस चषकाच्या उपांत्य लढतीला चिलीचा संघ बोस्टाडला आला. पिनोशेच्या लष्करी राजवटीला दोन वर्षं झाली होती, स्वीडनमध्ये चिलीचे निर्वासित मोठ्या संख्येने आले होते. हजारो निदर्शक त्या छोट्या गावात उतरले. चिलीच्या हायमे फिलोलला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. टेनिसचं कोर्ट लष्करी छावणीसारखं दिसू लागलं. सात वर्षांपूर्वी, १९६८मध्ये, ऱ्होडेशियाविरुद्धची लढत निदर्शकांनी इथेच उधळली होती आणि ती फ्रान्समध्ये हलवावी लागली होती. या वेळी सरकारने बंदोबस्तात सामने पार पाडले. स्वीडन जिंकला. डिसेंबरात स्टॉकहोमला चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध अंतिम लढत ३-२ अशी सुटली आणि स्वीडनने पहिल्यांदाच डेव्हिस चषक जिंकला. त्या तीन गुणांपैकी दोन एकेरीत बोर्गचे, तिसरा दुहेरीत उवे बेंग्तसनसोबत त्याचाच. कोडेशला हरवून त्याने शेवटचा घाव घातला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर सात महिन्यांनी, पोटाचा स्नायू दुखावलेला असताना, एकही सेट न गमावता त्याने विम्बल्डन जिंकलं. ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

पर्सी रोसबेर्ग मात्र आपल्या कामाला लागला होता. स्वीडनभर पोरं आता दोन हातांनी बॅकहँड मारू लागली होती. त्यातलं एक लाजाळू, उंच पोर त्याच्याकडे आलं. व्हेस्टरविक गावच्या पोलिसाचा मुलगा, स्टेफान एडबर्ग. बाकी सगळे बोर्गचं अनुकरण करत असताना रोसबेर्गने या मुलाला दुसरा हात काढायला सांगितलं. १९८३मध्ये एडबर्गने कनिष्ठ गटाच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि १९८८मध्ये त्या एकहाती बॅकहँडने विम्बल्डन.